प्रचाराच्या तोफा थंडावतात, मग फोन का तापतो?

पुण्यात कोथरूड आणि वारजे ही शेजारशेजारची उपनगरे. लोकसभेच्या नकाशावर मात्र ती दोन वेगळ्या मुलखांत आहेत. वारजे खडकवासला विधानसभा क्षेत्रात येते आणि खडकवासला बारामती लोकसभेत. कोथरूड येते पुणे लोकसभेत. २०२४ साली बारामतीचे मतदान ७ मे रोजी होते आणि पुण्याचे १३ मे रोजी. म्हणजे ५ मेच्या संध्याकाळी सहा वाजता वारज्यातले भोंगे, पदयात्रा आणि सभा कायद्याने बंद झाल्या. कोथरूडमध्ये त्या ११ मेपर्यंत सुखेनैव चालू राहणार होत्या.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत ‘प्रचाराच्या तोफा थंडावल्या’ हा आपला ठरलेला मथळा. पण वारज्यातल्या माणसाने टीव्ही लावला तर पुढच्या टप्प्यांच्या सभा थेट दिसत होत्या, तेच नेते, तीच भाषणे. फोन उघडला तर त्याच भाषणांचे तुकडे मेहुण्याच्या स्टेटसवर. कायद्याने गल्लीत शांतता आणली होती, खिशात नाही.

यातून दोन प्रश्न निघतात. पहिला सरळ आहे: ही ४८ तासांची शांतता नेमकी कोणासाठी आणि कशी? दुसरा जरा अवघड: बातम्या आणि समाजमाध्यमांचा हा मारा खरोखर मत बदलतो का? बदलत नसेल, तर पक्ष त्यावर एवढा पैसा आणि एवढी माणसे का लावतात?

४८ तास कशाचे?

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१चा. त्याचे कलम १२६ सांगते की मतदान संपण्याच्या ठरलेल्या वेळेआधीच्या ४८ तासांत त्या मतदारसंघात जाहीर सभा घ्यायची किंवा मिरवणूक काढायची नाही. सिनेमा, टीव्ही किंवा तशाच साधनातून निवडणुकीचा मजकूर दाखवायचा नाही. गाण्याबजावण्याचे कार्यक्रम करून लोकांपुढे प्रचार करायचा नाही. मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. ‘निवडणुकीचा मजकूर’ म्हणजे निकालावर प्रभाव टाकण्याच्या हेतूने तयार केलेला मजकूर. कल्पना सुज्ञ आहे. गोंगाट थांबावा, मतदाराने घरी बसून विचार करावा, पोलिसांनाही बंदोबस्ताला सवड मिळावी.

ही कल्पना ज्या काळात रुजली तेव्हा प्रचार म्हणजे मैदान, मंडप आणि ध्वनिक्षेपक. जागा ठरलेली, वेळ ठरलेली, वक्ता दिसणारा. मामलेदाराने जाऊन बंद करावे इतके ते सोपे होते. टीव्ही पुढे आला आणि कायद्यात घुसवला गेला. छापील वर्तमानपत्र या कलमात नाहीच. त्यासाठी निवडणूक आयोगाने वेगळी वाट काढली: मतदानाच्या दिवशी आणि आदल्या दिवशी छापायच्या राजकीय जाहिराती आयोगाच्या समितीकडून आधी तपासून घ्याव्या लागतात. घरोघरी जाऊन भेटणे चालते. मराठीत ज्याला आपण ‘छुपा प्रचार’ म्हणतो त्यातला निम्मा भाग कायद्याने छुपा नाहीच, उघड मान्य आहे.

खरी फट पडली ती टप्प्यांमुळे. २०१४ची लोकसभा निवडणूक नऊ टप्प्यांत, ७ एप्रिल ते १२ मे अशी झाली. आसाम आणि त्रिपुरात पहिले मतदान चालू होते त्याच दिवशी, ७ एप्रिलला, दिल्लीत भारतीय जनता पक्षाचा जाहीरनामा प्रसिद्ध झाला आणि देशभर थेट दिसला. ३० एप्रिलला नरेंद्र मोदींनी अहमदाबादेत मतदान केल्यावर बाहेर कॅमेऱ्यांसमोर कमळ धरून सेल्फी काढली आणि ते बोलले. आयोगाने कलम १२६खाली गुन्हा नोंदवायला सांगितले. पण दृश्य तोवर घराघरांत पोचले होते. गुन्हा नोंदवता येतो. लोकांनी पाहिलेले परत घेता येत नाही.

२०१९पूर्वी आयोगाने उमेश सिन्हा यांच्या समितीकडून या कलमाचा फेरविचार करून घेतला. त्यानंतर मार्च २०१९मध्ये फेसबुक, व्हॉट्सॲप, ट्विटर, गुगल, शेअरचॅट अशा कंपन्यांनी एक ऐच्छिक आचारसंहिता स्वीकारली. शांततेच्या काळातला आक्षेपार्ह मजकूर आयोगाने दाखवून दिला की तीन तासांत त्यावर कारवाई करायची. यात ‘ऐच्छिक’ आणि ‘दाखवून दिला की’ हे दोन्ही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. शिवाय जाहिरात पकडता येते, कारण तिचे पैसे कोणीतरी भरलेले असतात. सोसायटीच्या ग्रुपवर जोशीकाकांनी टाकलेली चित्रफीत ही जाहिरात नाही. ती जोशीकाकांचे मत आहे, आणि मत सांगायला कोणत्याही ४८ तासांत बंदी नाही, असूही नये.

मत बदलते का?

या प्रश्नाचा पहिला चांगला अभ्यास अमेरिकेत झाला. १९४०च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत, रूझवेल्ट विरुद्ध विल्की, पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातल्या एरी परगण्यात सुमारे ६०० मतदारांना निवडणूक संपेपर्यंत महिन्यामहिन्याने पुन्हापुन्हा भेटून विचारले. तेव्हा रेडिओ नवा होता आणि तो लोकांना हवे तसे वळवतो अशी भीती होती. निघाले उलटेच. एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेलेले फार थोडे. बहुतेकांनी आपल्याला पटेल तेवढेच ऐकले आणि आपले आधीचे मत घट्ट करून घेतले. ज्यांचे मत ठरत नव्हते, ते रेडिओपेक्षा ओळखीच्या जाणत्या माणसाचे जास्त ऐकत होते.

आपल्याकडचे दाखले याच अंगाने जातात. १९७७ साली आणीबाणी शिथिल होऊन निवडणूक लागली तेव्हा आकाशवाणी आणि दूरदर्शन पूर्णपणे सरकारच्या हातात होते. ६ फेब्रुवारीला दिल्लीच्या रामलीला मैदानावर जगजीवनराम आणि जयप्रकाश नारायण यांची सभा होती. लोकांनी घरीच बसावे म्हणून दूरदर्शनने त्या संध्याकाळी ‘बॉबी’ हा सिनेमा दाखवला, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. मैदान तरीही भरले. काँग्रेस १५४ जागांवर आली आणि इंदिरा गांधी रायबरेलीत हरल्या. माध्यम हातात असणे आणि मतदार हातात असणे यांतले अंतर याहून ठळक दाखवणारी संध्याकाळ मला माहीत नाही.

२००४ची गोष्ट पैशाच्या बाजूने तेच सांगते. भाजपप्रणीत सरकारची ‘इंडिया शायनिंग’ ही मोहीम टीव्ही, वर्तमानपत्रे, फलक सगळीकडे होती. पाहण्या सत्ताधारी आघाडीला पुढे दाखवत होत्या. निकालात काँग्रेसला १४५ जागा आणि भाजपला १३८. जाहिरात ज्याने पाहिली त्याने ती आपल्या शेताशी, आपल्या मुलाच्या नोकरीशी ताडून पाहिली.

मग माध्यमे बिनकामाची का? नाही. मत बदलण्यापेक्षा ती वेगळी कामे करतात, आणि ती कमी महत्त्वाची नाहीत.

साधी माहिती, म्हणजे तुतारी

सर्वांत साधे काम माहिती पोचवण्याचे. ते इतके साधे आहे की त्याकडे कोणी पाहत नाही, बिघडले की मात्र कळते. राष्ट्रवादी काँग्रेस फुटून घड्याळ दुसऱ्या गटाकडे गेल्यावर, फेब्रुवारी २०२४मध्ये शरद पवारांच्या गटाला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे नवे चिन्ह मिळाले. पंचवीस वर्षे घड्याळ पाहून बटण दाबणाऱ्या मतदाराला दोन-अडीच महिन्यांत नवे चित्र शिकवायचे होते. पक्षाने ते फोनवरून, स्टेटसवरून, सभेत प्रत्यक्ष तुतारी वाजवून शिकवले. बहुतेकांना ते समजले. पण काही अपक्षांना नुसती ‘तुतारी’ हे चिन्ह मिळाले होते. दिंडोरीत पक्षाच्या उमेदवाराशी आडनाव जुळणाऱ्या अशा एका अपक्षाला एक लाखाहून अधिक मते पडली. साताऱ्यात तुतारीवाल्या अपक्षाची मते विजयाच्या फरकापेक्षा जास्त होती. ती सगळी चुकून पडली असे कोणी सिद्ध करू शकत नाही, पण एवढी मते त्या उमेदवारांच्या कीर्तीवर पडली असे तर कोणी म्हणतही नाही.

कशाबद्दल मत द्यायचे, हे कोण ठरवते?

दुसरे काम मोठे. १९६८च्या अमेरिकी राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत मॅक्सवेल मॅककोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी चॅपल हिल या गावात मत न ठरलेल्या १०० मतदारांना विचारले: तुमच्या मते देशापुढचे महत्त्वाचे प्रश्न कोणते? मग त्या लोकांपर्यंत जाणाऱ्या बातम्यांत कोणत्या प्रश्नाला किती जागा मिळाली ते मोजले. दोन्ही याद्यांचा क्रम जवळजवळ सारखा निघाला. कोणाला मत द्यावे हे बातम्या सांगत नव्हत्या. मत कशाच्या आधारावर द्यावे हे मात्र त्यांनी नकळत ठरवून टाकले होते. याला पुढे ‘अजेंडा सेटिंग’ म्हणू लागले. आपण विषयपत्रिका ठरवणे म्हणू.

हे निवडणुकीत इतके निर्णायक का, ते पाहा. प्रत्येक पक्षाचा एक विषय घरचा असतो, एक अडचणीचा. निवडणूक राष्ट्रीय सुरक्षेवर झाली तर एकाचा फायदा, महागाईवर झाली तर दुसऱ्याचा. मतदाराचे कोणत्याच विषयावरचे मत बदलावे लागत नाही. मतदानाच्या दिवशी त्याच्या डोक्यात कोणता विषय वर आहे तेवढे बदलले की पुरे. संध्याकाळच्या टीव्ही चर्चेत सहा चौकटींत सहा माणसे भांडतात तेव्हा मला त्यांच्या मुद्द्यांपेक्षा पडद्याखालची पट्टी महत्त्वाची वाटते. त्या पट्टीवर आजचा विषय लिहिलेला असतो. भांडणात कोणीही जिंको, पट्टी लिहिणारा आधीच जिंकलेला असतो.

पण विषय फक्त स्टुडिओत ठरत नाहीत. २०२४च्या एप्रिल-मे महिन्यांत दिल्लीच्या वाहिन्यांवर मंगळसूत्र, आरक्षण आणि वारसाकर यांवर वाद पेटला होता. त्याच वेळी नाशिक-दिंडोरीत कांदा हा विषय होता. डिसेंबर २०२३मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली होती. ती ४ मे २०२४ला उठवली, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. नाशिक आणि दिंडोरीचे मतदान २० मे रोजी होते. दोन्ही जागा सत्ताधारी आघाडीने गमावल्या. दिंडोरीत तर केंद्रातल्या राज्यमंत्री हरल्या. एकट्या कांद्यामुळे हे झाले असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. मात्र लासलगावच्या लिलावात कोणता भाव फुटला हे शेतकऱ्याला फोनवर दहा मिनिटांत कळत होते, आणि त्या बातमीपुढे दिल्लीची पट्टी फिकी पडत होती.

तुमचा पडदा वेगळा, माझा वेगळा

टीव्हीच्या काळात निदान सगळे एकच पट्टी वाचत होते. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आले, इंटरनेट स्वस्त झाले आणि २०१९ची लोकसभा ही फोनवरची पहिली खरी निवडणूक ठरली. इथे पट्टी प्रत्येकाची वेगळी.

ती कशी ठरते? फेसबुक, इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबकडे तुम्हाला दाखवण्याजोग्या हजारो गोष्टी असतात आणि तुमच्या पडद्यावर जागा दोन-तीनच. मग संगणक अंदाज बांधतो: यातल्या कशावर हा माणूस थांबेल? तुम्ही आधी कशावर थांबलात, काय पूर्ण पाहिले, कशावर टिप्पणी केली, काय पुढे पाठवले, यावरून तो अंदाज निघतो. त्याला खरे-खोटे कळत नाही, तुमचे भले कळत नाही. तुमचे थांबणे कळते. एखादी चित्रफीत पाहून तुम्ही रागाने खाली चार ओळी खरडल्या, तरी हिशेबात ते आवडल्यासारखेच धरले जाते. उद्या तसलेच आणखी येते.

पक्षांना हे पक्के ठाऊक आहे. म्हणून आता तासाभराची सभा ही तीस सेकंदांच्या तुकड्यांचे कच्चे दूध झाली आहे. वक्ता टाळीच्या वाक्यापाशी थांबतो, कॅमेरा जवळ जातो, वॉर रूममध्ये तो तुकडा कापला जातो, त्यावर संगीत आणि मोठी अक्षरे चढतात, आणि सभा उठायच्या आत तो तालुक्याच्या ग्रुपवर असतो. वाहिनीची बातमी आणि समाजमाध्यम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे आपण बोलतो, पण वाहिनी फोनला माल पुरवते आणि फोनवर काय गाजतेय ते पाहून वाहिनी संध्याकाळचा विषय ठरवते.

कच्चे दूध म्हणालो ते उगाच नाही. दूध सगळ्या घरी सारखेच येते, दही मात्र ज्याच्या त्याच्या घरच्या विरजणाने लागते. राजकीय संदेशाचेही तसेच. ‘अबकी बार ४०० पार’ ही घोषणा भाजपची स्वतःची. पक्षाच्या चाहत्यांच्या ग्रुपवर ती आत्मविश्वासाची खूण होती. मार्च २०२४मध्ये कर्नाटकातले भाजपचे खासदार अनंतकुमार हेगडे म्हणाले की घटना बदलायला ४०० जागा लागतील. पक्षाने हात झटकले. पण ते वाक्य आणि ती घोषणा एकत्र होऊन दलित वस्त्यांतल्या ग्रुपवर गेली तेव्हा तिचा अर्थ ‘संविधान धोक्यात’ असा लागला. महाराष्ट्रात, जिथे घराघरांत बाबासाहेबांची तसबीर आहे, तिथे तो फार लवकर लागला. पक्षाचे नेते नंतर याला ‘फेक नॅरेटिव्ह’ म्हणत राहिले. माझ्या मते तक्रारीत अर्धे तथ्य आहे: घोषणेत घटना बदलण्याचा शब्द नव्हता. उरलेले अर्धे असे की, अर्थ देणाऱ्या माणसावर लोकांचा विश्वास घोषणा देणाऱ्यापेक्षा जास्त होता, आणि त्याला कोणतीही वॉर रूम काही करू शकत नाही.

ओळखीच्या चेहऱ्याची ताकद

हा विश्वास मोजता येतो. २ नोव्हेंबर २०१० रोजी अमेरिकी काँग्रेसच्या निवडणुकीच्या दिवशी फेसबुकने ६ कोटी १० लाख सज्ञान वापरकर्त्यांवर एक प्रयोग केला. बहुतेकांना ‘आज मतदान आहे’ असा संदेश आणि त्याखाली, मतदान केले असे सांगणाऱ्या त्यांच्या मित्रांचे चेहरे दाखवले. सुमारे ६ लाख लोकांना संदेश तोच, पण चेहरे नाहीत. आणखी ६ लाखांना काहीच नाही. नंतर मतदानाच्या सरकारी नोंदींशी ताडून पाहिले. चेहरे नसलेला संदेश पाहणारे आणि काहीच न पाहणारे यांच्या मतदानात फरक नव्हता. चेहरे पाहिलेल्यांचे मतदान किंचित वाढले. ती वाढ त्यांच्या जवळच्या मित्रांपर्यंतही गेली आणि सगळी मिळून सुमारे ३ लाख ४० हजार जास्त मते पडली, असा संशोधकांचा हिशेब ‘नेचर’ या नियतकालिकात २०१२ साली प्रसिद्ध झाला.

१९४०च्या एरी परगण्यातला जाणता शेजारी इथे पुन्हा भेटतो. तंत्र नवे, माणूस तोच. मत बदलण्यापेक्षा घरातून उठवणे हे फोनचे जास्त खात्रीचे काम आहे. म्हणून पक्षांचे खरे भांडवल नेत्यांचे लाखो अनुयायी नाहीत. बूथवारी ग्रुप आणि त्यात रोज सकाळी शुभेच्छा टाकणारा, कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाचा दाखला अडलाय हे माहीत असलेला कार्यकर्ता हे आहे. ४८ तासांच्या शांततेत सभा बंद होते तेव्हा ज्या पक्षाकडे असे कार्यकर्ते जास्त, त्याचा आवाज तेवढा उठून दिसतो. समान संधीसाठी केलेला नियम असा मोठ्या संघटनेला लाभतो, हे मला या सगळ्यातले सर्वांत कमी बोलले गेलेले सत्य वाटते.

खोटे लवकर का पोचते?

एमआयटीच्या संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्या तपासल्या. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्यापेक्षा ७० टक्के जास्त होती आणि १५०० लोकांपर्यंत पोचायला खऱ्या बातमीला खोट्याच्या सुमारे सहापट वेळ लागत होता. राजकीय खोटे सर्वांत चपळ. हे यंत्रांचे काम म्हणावे तर तेही नाही. स्वयंचलित खाती वगळली तरी निष्कर्ष बदलला नाही. खोट्या बातमीत नवेपणा जास्त असतो, आणि नवी गोष्ट सर्वांआधी सांगणाऱ्याला चारचौघांत मान मिळतो.

दुसरे कारण आपल्या मेंदूत आहे. एखादे विधान दोन-तीनदा कानावर पडले की ते ओळखीचे वाटते, आणि ओळखीचे ते खरे वाटू लागते. मानसशास्त्रज्ञांनी हे १९७७ सालीच प्रयोगाने दाखवले. त्यामुळे ‘हे खोटे आहे’ असे सांगत तीच चित्रफीत पुन्हा फिरवणाराही तिची ओळख वाढवत असतो.

याची सर्वांत भयंकर किंमत महाराष्ट्राने निवडणुकीबाहेर मोजली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी फिरतेय या फोनवरच्या अफवेने, भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणली, पुढे ती जगभर लागू केली. एप्रिल २०२०पासून पाच किंवा अधिक हातांतून आलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. त्यावर दुहेरी बाण दिसतो. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे अशा संदेशांचे फिरणे त्यानंतर ७० टक्क्यांनी घटले. वाट अडवली नाही, तिच्यावर गतिरोधक घातला, एवढ्यानेच.

२०२४मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या नकली चित्रफितींची धास्ती होती. आमिर खान आणि रणवीर सिंग यांच्या तोंडी राजकीय मजकूर घातलेल्या फिती फिरल्या. अमित शहांच्या तेलंगणातल्या भाषणाची कापाकापी केलेली फीत आरक्षणावरून गाजली आणि अटका झाल्या. ६ मे रोजी आयोगाने पक्षांना असा मजकूर लक्षात आणून दिल्यापासून तीन तासांत काढायला सांगितले. पण शहांच्या भाषणाच्या प्रकरणात नवे तंत्र लागलेच नव्हते. साधी कात्री पुरली.

चौकट : नियम थोडक्यात

• कलम १२६ : मतदान संपण्याआधीचे ४८ तास सभा, मिरवणूक आणि टीव्हीवरचा निवडणूक मजकूर बंद. या काळात जनमत चाचणीचे निकालही दाखवता येत नाहीत.
• कलम १२६अ : पहिल्या टप्प्याचे मतदान सुरू झाल्यापासून शेवटचा टप्पा संपून अर्धा तास होईपर्यंत मतदानोत्तर चाचणी जाहीर करता येत नाही.
• ऑक्टोबर २०१३पासून : उमेदवाराने आपली समाजमाध्यम खाती प्रतिज्ञापत्रात सांगायची, तिथल्या जाहिराती आधी तपासून घ्यायच्या आणि खर्च हिशेबात दाखवायचा.
• लोकसभा उमेदवाराची खर्चमर्यादा : महाराष्ट्रात ९५ लाख रुपये, गोव्यात ७५ लाख. पक्षाच्या खर्चाला मर्यादा नाही.

पैसा कोणाच्या खात्यावर?

चौकटीतली शेवटची ओळ पुन्हा वाचा. उमेदवाराने काय खर्च केला याचा काटेकोर हिशेब, पक्षाने केला तर मुभा. म्हणून प्रश्न नेहमी हा असतो की खर्च कोणाच्या नावावर दाखवायचा.

वर्तमानपत्रांच्या काळात यावर ‘पेड न्यूज’ हा तोडगा निघाला होता: जाहिरात बातमीच्या वेशात छापायची, म्हणजे वाचकाचा विश्वासही मिळतो आणि हिशेबही चुकतो. २००९च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत एका बड्या नेत्यावरचे स्तुतिलेख वेगवेगळ्या वृत्तपत्रांत शब्दशः सारखे, लेखकांची नावे मात्र वेगळी, असे पी. साईनाथ यांनी उघड केले. प्रकरण आयोगापुढे आणि न्यायालयात वर्षानुवर्षे चालले, कारवाई टिकली नाही. उत्तर प्रदेशातल्या आमदार उमलेश यादव मात्र बातमीच्या रूपातल्या जाहिरातीचा खर्च लपवल्याबद्दल २०११ साली अपात्र ठरल्या. देशातले ते पहिले उदाहरण.

फोनवर तीच युक्ती जास्त सोपी आहे. पक्षाच्या अधिकृत पानावर सौम्य जाहिराती, आणि ‘आपला अमुक जिल्हा’, ‘जागा हो तमुक’ अशा धाटणीच्या, कोणत्याच पक्षाचे नाव न लावणाऱ्या पानांवर विरोधकांची टिंगल. पान कोणाचे, पैसे कोणाचे हे उमेदवाराच्या हिशेबात येत नाही. मला विचाराल तर ४८ तासांचे कलम घट्ट करण्यात आयोगाने शक्ती घालवू नये. सामान्य माणसाच्या फॉरवर्डवर कायदा लावता येणार नाही आणि लावायचा प्रयत्न केला तर तो नको त्या माणसावर लागेल. लावायचाच तर तो या अनामिक पानांच्या पैशांवर लावावा, पक्षांच्या खर्चाला मर्यादा घालावी, आणि ऐच्छिक आचारसंहिता सक्तीची करावी.

एवढा पैसा आणि एवढे पडदे असूनही मतदार माध्यमांना कळतोच असे नाही; त्याचा एक आकडा. १ जून २०२४च्या संध्याकाळी, शेवटच्या टप्प्याचे मतदान संपून अर्धा तास उलटताच, वाहिन्यांवरच्या बहुतेक मतदानोत्तर चाचण्यांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला साडेतीनशेच्या पुढे नेले, काहींनी ४००च्या. ४ जूनला आघाडीला २९३ आणि भाजपला २४० जागा मिळाल्या. सुमारे ६४ कोटी लोकांनी मतदान केले होते आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी कॅमेऱ्याला खरे सांगायचे टाळले असावे.

पुढच्या निवडणुकीसाठी दोन गोष्टी लक्षात ठेवा. आचारसंहितेचा भंग दिसला तर आयोगाच्या ‘सी-व्हिजिल’ या ॲपवर छायाचित्र किंवा चित्रफीत टाकून तक्रार करता येते. १०० मिनिटांत दखल घेण्याचे बंधन यंत्रणेवर आहे. आणि फेसबुकवर एखादी राजकीय जाहिरात दिसली तर मेटाची ‘ॲड लायब्ररी’ उघडा. त्यासाठी खाते लागत नाही. पानाचे नाव टाका. जाहिरात कोणी दिली, अंदाजे किती रुपये मोजले आणि ती कोणत्या राज्यात, कोणत्या वयाच्या लोकांना दाखवली, हे तिथे लिहिलेले असते.